बस थांबवायला सांगायची लाज

वाचकाचं पत्र :

‘ताई, नमस्कार. मी 64 वर्षांची, कल्याणला राहते. मिस्टरांना जाऊन दोन वर्षं झाली. आमच्या भिशीच्या बायका पितृपक्षात सोमनाथ आणि दीवला निघाल्या आहेत, कारण तेव्हा बस आणि हॉटेलं स्वस्त मिळतात. वेरावळपर्यंत रेल्वे, पुढे चार दिवस बस. 35 सीटची बस, 34 जणी. मिस्टर 1974 ला नौदलात भरती झाले, पंधरा वर्षं नोकरी केली. दीवला 1971 च्या युद्धात बुडालेल्या ‘खुकरी’ या युद्धनौकेचं स्मारक आहे, तिथे एकदा जाऊन सॅल्यूट करायचा, असं नेहमी म्हणायचे. राहून गेलं. म्हणून मला जायचंय. पण जाऊबाई म्हणतात, पितृपक्षात कुणी मजा करायला जातं का? ह्यांची तिथी षष्ठीची, सहल एकादशीला निघते. मुलगा म्हणतो, गुडघे घेऊन किल्ले कुठे चढणार, आपण नंतर गाडी करून जाऊ. स्मारकापाशी पंधराच मिनिटं ठेवली आहेत. तिथे मला रडू आलं तर सगळ्यांचा विरस होईल. आणि सांगायला लाज वाटते, पण मला तास-दीड तासाने लघवीला जावं लागतं, खोकला आला तरी थेंब जातो. बसमध्ये पाणी प्यायचंच नाही असं ठरवलंय. पैसे भरायला गणपतीपर्यंत मुदत आहे. जाऊ का नको?’

ताई, सप्रेम नमस्कार.

जा. गणपतीची वाट बघू नका, याच आठवड्यात पैसे भरून टाका.

तुमच्या पत्रात जाऊबाई आधी आल्या, मग मुलगा, मग गुडघे, मग रडू. लघवीचं तुम्ही अगदी शेवटी, दोन ओळींत उरकलंत. मला वाटतं खरी अडचण तीच आहे आणि बाकीच्या तिच्या आडोशाला उभ्या आहेत. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पाणी न पिण्याचा बेत रद्द करा. तो मी स्वतः करून पाहिलेला आहे. दहाएक वर्षांपूर्वी अशाच एका बसच्या सहलीत सकाळी सहाला निघालो, ते दुपारी दोनपर्यंत मी कपभर चहावर राहिले. बसबरोबर आलेला टूर मॅनेजर माझ्या मुलाहून लहान. त्याला कसं सांगायचं, म्हणून मांड्या आवळून खिडकीबाहेर बघत बसले. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, लघवीला आग होऊ लागली आणि सहलीचे शेवटचे दोन दिवस मी हॉटेलच्या खोलीत अँटिबायोटिक घेत पडून काढले. ज्या देवळासाठी गेले होते ते देऊळ मी बघितलेलंच नाही.

पाणी कमी प्यायलं की लघवी कमी होते हे खरं. पण जी होते ती इतकी कडक होते की मूत्राशयाला चुरचुरते, आणि घाई कमी व्हायची तर उलट वाढते. त्यावर दाबून धरलं की संसर्गाला आयतं निमित्त मिळतं. शिवाय तुम्ही जाणार ते दिवस ऑक्टोबर हीटचे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर तेव्हा पाऊस सरत आलेला असतो, ऊन चढलेलं असतं आणि वारा खारट, दमट. अंगातून घाम किती गेला ते कळतही नाही. अशा हवेत आपल्या वयाच्या बाईने कोरडं राहणं धोक्याचं आहे. तेव्हा दिवसभर घोट घोट पाणी प्यायचं. बस निघायच्या आधीचा अर्धा तास सोडायचा आणि उतरल्या उतरल्या प्यायचं. चहाने घाई वाढते, म्हणून प्रवासाच्या सकाळी चहा एकच.

त्याआधी या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन या, शक्यतो बाईकडे, म्हणजे मोकळेपणी बोलता येईल. वारंवार घाई होणं हा एक प्रकार आणि खोकल्यावर थेंब जाणं हा दुसरा. पाळी गेल्यानंतर पुष्कळ बायकांना दोन्ही एकदम असतात आणि दोन्हींवर उपाय आहेत. लघवीची आणि साखरेची तपासणी करून घ्या, कारण वाढलेल्या साखरेनेही असं होतं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिचं नाव दाखवा. काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. प्रवासाच्या दिवसांत ती कधी घ्यायची ते डॉक्टर सांगतील, आपल्या मनाने बंद करू नका.

आणि आजपासून एक व्यायाम सुरू करा. लघवीची धार मध्येच थांबवायची असेल तर आतून जे स्नायू आपण आवळून घेतो, तेच आवळायचे, पाच आकडे मोजायचे, सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र नाही. गॅसवर दूध ठेवून उभ्या असताना, बसस्टॉपवर, कुठेही. श्वास रोखायचा नाही, पोट आणि मांड्या सैल. फरक पडायला काही आठवडे लागतात आणि तुमच्या हातात जवळजवळ दीड महिना आहे. तोवर फार्मसीत यासाठीचे पॅड मिळतात, ते वापरा. पाळीच्या पॅडपेक्षा ते वेगळे असतात, जास्त शोषतात आणि वास धरत नाहीत. पिशवीत दोन जादा निकर, कागदी साबण आणि घडी करून ठेवलेली जुनी वर्तमानपत्रं एवढं असलं की निम्मी भीती तिथेच संपते.

उरलेली निम्मी भीती ही मागण्याची. सगळ्यांसाठी निघालेली बस आपल्या एकटीसाठी थांबवायची, मागून कुणीतरी ‘परत?’ म्हणणार, ही. त्यासाठी पैसे भरलेत की लगेच भिशीच्या प्रमुख बाईंना फोन करा आणि एवढंच सांगा : “मला दर दीड तासाला थांबावं लागतं. तो थांबा सगळ्या बससाठीच ठेवा, म्हणजे कुणावर मागायची वेळ येणार नाही. टूर मॅनेजरलाही आत्ताच सांगून ठेवा.” फोनवर अर्धं मिनिट अवघड जाईल. पण सहलीच्या दिवशी चालत्या बसमध्ये बोलणं याच्या दसपट अवघड असतं. घरून, आधी मागितलेली गोष्ट वेळापत्रकात बसते. आयत्या वेळी मागितलेलीच तेवढी अडचण ठरते.

त्या आजारपणानंतर दोन वर्षांनी मी दीवलाच गेले, बायकांच्याच ग्रुपबरोबर, आणि हा फोन करून गेले. सोमनाथहून दीव बसने साधारण दोन तासांवर, वाटेत कोडिनार आणि उना. कोडिनारच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर बस थांबली. मॅनेजरने सांगितलं, दहा मिनिटं, ज्यांना जायचंय त्यांनी जाऊन या. कुणी हललं नाही. सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मी उठले, दाराशी पोचले, तोवर मागे चपलांचे आवाज सुरू झाले. खाली उतरून मोजलं तर आम्ही अकरा जणी रांगेत होतो. माझ्या मागे एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, सहलभर कुणाशी फारसं न बोललेल्या. त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, “बरं झालं हो थांबली.” तुमच्या 34 जणींतही अशा पुष्कळ असणार, आणि त्याही आज पाणी न पिण्याचंच ठरवत असतील.

सीट मागताना पुढून तिसरी-चौथी रांग मागा, खिडकीची नको, वाटेकडची. मागच्या चाकावरच्या सीटवर दणके बसतात, त्याने घाईही वाढते आणि कंबरही धरते.

गुडघ्यांचं फार मनावर घेऊ नका. मुलाला सांगा, किल्ला चढायला कुणी सांगितलेलं नाही. बसची पहिली पायरी उंच असते, तिच्यासाठी एक प्लास्टिकचं छोटं स्टूल बसमध्ये ठेवायला सांगा. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकीला ते हवं असतं. आणि ‘नंतर गाडी करून जाऊ’ हे मुलगा प्रेमानेच म्हणतोय, पण मिस्टरही ‘एकदा जाऊ’ असंच म्हणत होते ना?

आता दीवबद्दल. सहलीला तुम्ही योग्य जागा निवडली आहे. बेट पूर्व-पश्चिम जेमतेम अकरा किलोमीटर लांब, रुंदीला त्याहून खूप कमी. मोठ्या प्रदेशाच्या सहलीत एकदा बसमध्ये चढलं की संध्याकाळपर्यंत माणूस त्या वेळापत्रकाला बांधलेला असतो. दीवमध्ये तसं होत नाही. कुठूनही कुठेही रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटांत पोचता येतं. एखादी जागा गाळायची, झाडाखाली बसायचं आणि पुढच्या ठिकाणी ग्रुपला येऊन मिळायचं, हे तिथे सहज जमतं. फक्त प्रमुख बाईंना सांगून जायचं, एक मैत्रीण बरोबर ठेवायची आणि फोन चार्ज केलेला असू द्यायचा. अंधार पडायच्या आत मात्र परत या. गुजरातेत दारूबंदी आणि दीवमध्ये मोकळीक, त्यामुळे शनिवार-रविवारी तिथे प्यायला येणाऱ्यांची गर्दी असते. दीवचा मुक्काम आठवड्याच्या मधल्या दिवसांत येतोय ना, ते आत्ताच बघून घ्या. आणि कुणी मैत्रीण घरच्यांसाठी बाटली घेऊ म्हणाली तर अडवा. परतताना नाक्यावर तपासणी होते, परवान्याशिवाय दारू गुजरातेत नेणं गुन्हा आहे, आणि एका बाटलीपायी अख्खी बस उन्हात उभी राहते.

किल्ल्यावर तुम्ही आतल्या पटांगणापर्यंत जा आणि समुद्राच्या बाजूला सावली बघून बसा. पोर्तुगीजांनी 1535 मध्ये तो बांधायला घेतला. गुजरातच्या बहादूरशहाने मोगलांच्या भीतीने त्यांच्याशी तह केला आणि जागा दिली. बसल्या जागेवरून समोर खाडीत पाणीकोठा दिसेल, जहाजासारख्या आकाराची दगडी गढी. तोफा बघायला चढलेल्या बायका परत येईपर्यंत तेवढंच बघत बसलं तरी पुरे. सेंट पॉल चर्च चुकवू नका. 1610 मध्ये पुरं झालेलं, बाहेरून पांढरं, आत गडद लाकडावरचं कोरीव काम. भर दुपारीही आत गार वाटतं आणि बसायला बाकं आहेत. 1987 पर्यंत गोवा, दमण आणि दीव असा एकच केंद्रशासित प्रदेश होता. जुन्या गोव्यातली चर्च पाहिली असतील तर ओळख लगेच पटेल. नायडा गुहांत खालची जमीन वरखाली आहे, दहा पावलं आत जाऊन वरून येणारा उजेड बघा आणि परत फिरा. किल्ल्यासाठी दगड काढता काढता त्या कोरल्या गेल्या असं सांगतात.

फुदम गावच्या गंगेश्वराच्या देवळाला पायऱ्या आहेत, पण ओहोटीच्या वेळी गेलात तर सावकाश उतरता येतील. खडकात पाच पिंडी आहेत आणि भरतीच्या लाटा त्यांच्यावरून जातात. तुम्ही पोचाल तेव्हा अमावास्या जवळ आलेली असेल, म्हणजे उधाण वाढत चाललेलं. त्या दिवशीची भरतीची वेळ हॉटेलात विचारून मगच निघायला सांगा, नाहीतर 34 बायका वरूनच हात जोडून परतायच्या.

नागोआच्या किनाऱ्यावर होक्याची झाडं बघा. आपल्या माडाचं, ताडाचं खोड एकच सरळ वर जातं. होक्याचं खोड वर जाऊन दोन फांद्यांत फुटतं, त्या पुन्हा दोन-दोन होतात, आणि प्रत्येकीच्या टोकाला पंख्यासारख्या पानांचा वेगळा झुबका. मी तिथे वाळूत बसून बराच वेळ नुसतं तेच बघत होते.

आणि आता स्मारक. पंधरा मिनिटं तुमच्यासाठी पुरेशी नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. दुसरा फोन यासाठी करा, किंवा पहिल्याच फोनमध्ये सांगून टाका. स्मारक वेळापत्रकात दुपारी असेल तर ते दिवसाच्या शेवटी न्यायला सांगा. त्या दिवसांत तिकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. पाऊण तास आधी पोचलात तर ऊन उतरलेलं असतं आणि समुद्र शांत दिसतो. बाकीच्या बायकांनाही तीच वेळ आवडेल. ते नाहीच जमलं, तर सगळ्या नागोआला पाण्यात पाय भिजवत असतील तेव्हा तुम्ही एका मैत्रिणीला घेऊन रिक्षाने या. चक्रतीर्थाजवळच्या टेकाडावर ते आहे, काचेच्या आत जहाजाची प्रतिकृती आणि पुढे उघडा समुद्र. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडीने त्याच समुद्रात ‘खुकरी’ बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नाविक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. तुमचे मिस्टर तीनच वर्षांनी नौदलात आले. म्हणजे ज्यांनी ती बातमी गणवेशात ऐकली अशा माणसांच्या हाताखाली ते शिकले. त्यांना तिथे का जायचं होतं, ते यातून कळतं.

अजून एक गोष्ट बघा. ‘खुकरी’ याच नावाची दुसरी युद्धनौका माझगाव गोदीत बांधली गेली आणि 1989 मध्ये नौदलात दाखल झाली, म्हणजे मिस्टर बाहेर पडले त्याच वर्षी. 2021 च्या डिसेंबरात ती निवृत्त झाल्यावर तिला दीवला आणलं. तीही नजरेखालून घाला. बाहेरूनच बघा, युद्धनौकेच्या शिड्या आपल्या गुडघ्यांसाठी नसतात.

रडू येईल याची काळजी तुम्ही करता आहात. येऊ द्या. त्या बायका तुमच्याच वयाच्या आहेत, निम्म्या जणींनी कुणाला ना कुणाला निरोप दिलेला असणार. त्यांना नीट माहीत नसेल तरच त्या तिथे गोंधळतील, फोटो काढत बसतील. म्हणून आधी सांगा. बसमध्ये अंताक्षरीसाठी माइक असतो. उना सोडल्यावर तो दोन मिनिटं मागून घ्या आणि सांगा, माझे मिस्टर नौदलात होते, त्यांची ही इच्छा राहिली होती, मी त्यासाठी आले आहे. बस एवढंच. 1971 मध्ये तुम्ही सगळ्या आठ-दहा वर्षांच्या असाल. मुंबईकडच्या ज्या असतील त्यांना खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद आणि भोंगा झाल्यावर घालवलेले दिवे अजून आठवत असतील. कुणीतरी ते बोलायला लागेल, मग दुसरी बोलेल. मग तिथे पोचल्यावर तुमच्या शेजारी कोण कोण येऊन उभं राहतं ते बघा. सॅल्यूट करायचा तर मिस्टर करत तसाच करा, हात न लाजता वर न्या.

राहिल्या जाऊबाई. मी शास्त्राची जाणकार नाही, पण एवढं माहीत आहे की तुम्ही जिथे निघाला आहात ते सोमनाथ म्हणजे प्रभास क्षेत्र. हिरण, कपिला आणि सरस्वती यांचा त्रिवेणी संगम तिथेच, आणि पितरांसाठी तर्पण, पिंडदान करायला लोक मुद्दाम तिथवर येतात. श्रीकृष्णाला बाण लागला ते भालका तीर्थही तिथून जवळच. पितृपक्षात जायला याहून योग्य जागा मला सुचत नाही. षष्ठीला मुलगा घरी श्राद्ध करेल, स्वयंपाक तुम्ही कराल, पान वाढाल, आणि त्यानंतर पाच दिवसांनी निघाल. संगमावर वाटलं तर त्यांच्या नावाने ओंजळभर पाणी सोडा. यात काही चुकतंय असं मला मनापासून वाटत नाही.

जाऊबाईंशी वाद घालू नका. त्यांचं बोलणं मला धर्मापेक्षा काळजीचं वाटलं, आणि थोडं मागे एकटं राहण्याचंही. 35 सीटची बस आणि 34 जणी, हे तुम्हीच लिहिलं आहे. त्यांना विचारून बघा. विचारताना दीवचं नाव नंतर घ्या, त्रिवेणी संगमाचं आधी.